रोजगार हमीची विहीर: ग्रामसभेपासून पाण्यापर्यंत

२०२३ सालची २६ जानेवारी मला नीट आठवते. आम्ही दोघं पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडात होतो. मोळ्या बांधत असताना दुपारी धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, ग्रामसभा झाली. विहिरींची यादी वाचली. तुमचं नाव न्हाई त्यात."

नाव असणार कुठून? अर्जच दिलेला नव्हता. अशी काही यादी होणार आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं.

आमचं गाव बालाघाटच्या डोंगररांगेवर. जमीन दोन एकर दहा गुंठे, सलग, पण सगळी कोरडवाहू. सोयाबीन, त्यात तुरीचं पाटं, आणि एवढं निघालं की रान मोकळं. दसरा-दिवाळी उरकली की गावातल्या निम्म्या घरांना कुलपं लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची आणि पाडव्यापर्यंत ती फेडत ऊस तोडायचा. जानेवारीची ग्रामसभा नेमकी या दिवसांत येते. ज्यांच्या रानात पाणी नाही तेच लोक बाहेरगावी, आणि पाण्याच्या योजनेची यादी होते मागे राहिलेल्यांत. यात कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणणार नाही. पण आमच्यासारख्या गावांत वर्षाचं नियोजन करताना ही गोष्ट कुणाच्याच डोक्यात येत नाही, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं.

पाडव्याला परत आलो तेव्हा मी ठरवून टाकलं की या वर्षी अर्ज द्यायचाच.

गावात आमच्या बचत गटाच्या बैठकीला रोजगार हमीचं काम बघणारे रोजगार सेवक अधूनमधून येतात. त्यांना विचारलं तर त्यांनी मोबाईलवर शासन निर्णयच उघडून दाखवला. ४ नोव्हेंबर २०२२ चा. रोजगार हमीतून सिंचन विहिरीला तेव्हा ४ लाख रुपयांपर्यंतची मर्यादा होती, नंतर ती वाढली. अट काय, तर जमीन किमान ०.४० हेक्टर सलग पाहिजे, सातबाऱ्यावर आधी विहिरीची नोंद नको, पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटर लांब पाहिजे, दुसऱ्या सिंचन विहिरीपासून १५० मीटर, आणि घराचं रोजगार हमीचं जॉबकार्ड पाहिजे. मी गटाची सचिव असल्यामुळे कागद वाचायची सवय होती. तो निर्णय मी झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतला आणि पिशवीत ठेवला. पुढे त्याच छापील पानांनी आमची विहीर वाचवली.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत माझं नाव पुकारलं गेलं, ठराव झाला. सातबारा, आठ-अ, जॉबकार्डाची प्रत, आधार, दारिद्र्यरेषेचा दाखला, सगळं लावून प्रस्ताव पंचायत समितीत गेला. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. सोयाबीनच्या शेंगा भरल्याच नाहीत, एकरी चार कट्टेसुद्धा निघाले नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटी राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्याच सुमारास मुकादम उचलीचे पैसे घेऊन दारात आला. आमचे हे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "या वर्षी नको. विहिरीचं काम निघालं आणि आपण फडात असलो तर?" उचल न घेता ते वर्ष काढायचं हा निर्णय सोपा नव्हता. दोन लेकरांची शाळा, आत्याबाईंची औषधं, आणि हातात फक्त एका प्रस्तावाची पोच.

आणि तेवढ्यात प्रस्ताव परत आला.

टेबलावरच्या माणसानं सांगितलं, "शेजारची विहीर ११८ मीटरवर आहे. १५० पाहिजे. बसत नाही." आमच्या रानात दुसरी जागाच नाही. वरच्या अंगाला वीतभर माती आणि खाली उघडा खडक. पाणी लागलं तर खालच्या कोपऱ्यात, पाझर तलावाच्या बाजूला. मी पिशवीतून पानं काढली आणि बोट ठेवून दाखवलं: अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना ही अट लावू नये. त्यांनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "आमच्याकडं जुनंच चालू होतं." आवाजात उद्दामपणा नव्हता. त्या एका टेबलावर किती गावांच्या फाईलींचे गठ्ठे होते ते मी डोळ्यांनी बघत होते. पण माझ्या पिशवीत ती पानं नसती तर? आमच्याच गावातल्या दोघांना हेच कारण सांगून मागच्या वर्षी परत पाठवलं होतं, आणि ते गुपचूप घरी आले होते. मुंबईत चांगला निर्णय निघतो, त्यात गरिबाचा विचार केलेला असतो, आणि शेवटच्या टेबलापर्यंत तो वर्षभर पोचत नाही. मी त्या दोघांना निरोप दिला, पुढे त्यांचेही प्रस्ताव गेले.

डिसेंबरात तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता दोन्ही झाल्या. मधल्या काळात एकानं "बाहेरून लवकर होईल" असं सुचवलं होतं. आम्ही नाही म्हणालो. आमच्याकडे तेवढे पैसेही नव्हते आणि द्यायची इच्छाही नव्हती.

जानेवारी २०२४ मध्ये तांत्रिक साहेब आखणीला आले. खुंटी ठोकली, दोरी फिरवली, चुन्याची फक्की टाकली. वीस फुटांचं गोल रिंगण. मोबाईलवर जागेचा फोटो काढला, अक्षांश-रेखांशासकट. हा फोटो तीनदा निघतो, कामाआधी, काम चालू असताना आणि झाल्यावर. आत्याबाई काठी टेकत आल्या होत्या. त्यांनी नारळ फोडला आणि तलावाच्या बांधाकडे बघून म्हणाल्या, "त्या बांधाची माती मी वाहिलीय गं. बहात्तरला. तुझा नवरा तवा पोटात होता."

मला हे माहीत होतं, पण त्या दिवशी ते वेगळंच वाटलं. १९७२ च्या दुष्काळात आत्याबाई कामावर होत्या. खडी फोडली, माती वाहिली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. तेव्हाच्या दुष्काळी कामांतून हा पाझर तलाव झाला. त्याच्याही आधी, १९६५ साली, वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, आणि देशाचा २००५ चा. दिल्लीच्या कायद्याचं मूळ आपल्याकडच्या रानात आहे, ही गोष्ट मी आता गटातल्या बायकांना आवर्जून सांगते. आणि आमच्या विहिरीला जो पाझर लागला तो त्या बहात्तरच्या तलावाचाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं. नमुना नंबर ४ भरून कामाची मागणी करायची, तारखेची पोच घ्यायची, मग मस्टर, म्हणजे हजेरीपट, निघतं. एक मस्टर एका आठवड्याचं. आम्ही दोघं, दीर, जाऊ आणि भावकीतले पाच जण. वरची दोन फूट काळी माती एका दिवसात निघाली. मग मुरूम लागला, पिवळसर, टिकावाखाली भुसभुशीत. बारा फुटांपर्यंत टिकाव, खोरं, टोपलं आणि दोर यांवर काम झालं. बायका वर टोपलं ओढायच्या, पुरुष खाली खणायचे, दर तासाला अदलाबदल. माझ्या तळहातांना ऊसतोडीचे घट्टे होते, तरी दोराच्या ओढीनं नवे फोड आले.

पहिल्या दोन मस्टरचे पैसे दीड महिन्यात आले, पण सगळ्यांचे आले नाहीत. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारच्या मार्गानंच द्यायची असा नियम लागू झाला होता. माझ्या जावेचं नाव जॉबकार्डावर सासरचं आणि आधारवर माहेरचं, म्हणून तिची मजुरी परत गेली. एका चुलत दिरांचे पैसे गेले खरे, पण कुठल्या खात्यात, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. पासबुकात दिसेनात. शेवटी कळलं की दोन वर्षांपूर्वी मोबाईलच्या दुकानात शिमकार्ड घेताना अंगठा लावला होता, तेव्हा एक खातं उघडलं गेलं होतं आणि आधार त्याला जोडलं गेलं होतं. पैसे तिथं साठले होते. ते मिळाले, पण त्यासाठी त्यांना चार वेळा तालुक्याला जावं लागलं, म्हणजे चार दिवसांचा रोज बुडाला. आधारनं मधले हात कमी केले हे मी मान्य करते, कारण पूर्वी मजुरी वाटताना काय व्हायचं ते आत्याबाईंनी सांगितलं आहे. तरी ज्याचं नाव जुळत नाही त्यानं कुठं जायचं, याचं उत्तर गावातच मिळायला हवं. आमच्याकडे ते रोजगार सेवकांनी दिलं. त्यांनी रविवारी ग्रामपंचायतीत बसून सगळ्यांची जॉबकार्डं आणि आधार शेजारी शेजारी ठेवून तपासली, चुका वहीत उतरवल्या. तेव्हा या माणसाला शासनाचा पगार नव्हता, कामाच्या टक्केवारीवर मानधन मिळायचं, तेही वेळेवर नाही. गावात योजना उभी राहते ती अशा माणसाच्या दुचाकीच्या पेट्रोलवर.

दर आठवड्याला तांत्रिक साहेब मोजमापाला यायचे. टेप खाली सोडायची, एक टोक मी धरायचं, दुसरं खाली ह्यांनी. किती फूट झालं ते साहेब मोजमाप पुस्तिकेत लिहायचे. मजुरी हजेरीवर नसून कामाच्या मापावर असते, हे आम्हाला तिथं नीट उमगलं. मुरमात माप भराभर पडायचं. एका आठवड्यात साहेबांची दुसरीकडे ड्यूटी लागली, मोजमाप झालं नाही आणि मुदत संपून मस्टर शून्य होणार अशी वेळ आली. मी सकाळी सात वाजता त्यांना फोन केला. ते संध्याकाळी सहाला आले, बॅटरीच्या उजेडात टेप लावली. त्या दिवशी ते आले नसते तर नऊ जणांची आठवड्याची मेहनत कागदावर पुसली गेली असती.

बारा फुटांखाली मांजऱ्या खडक लागला आणि अठराव्या फुटाला काळा पाषाण. टिकावाचं पातं वाकलं. मग ब्लास्टिंगचा ट्रॅक्टर आणि दगड वर ओढणारी यारी. परवानावाला माणूस आला, भोकं पाडली, टोटे भरले. "पळाऽऽ" अशी आरोळी आली की आम्ही सगळे बांधाआड. जमीन आतून हलायची, मग दगडांचा पाऊस, मग धुराचा तो तिखट वास. यारीच्या डोलात दगड भरायचं काम मजुरांचंच, ते मस्टरवर. सुरुंगाचा आणि यारीचा खर्च मात्र कुशल भागातला, मजुरीबाहेरचा. म्हणजे आधी आपण करायचा आणि मग शासन देणार.

१ एप्रिलला रोजचा दर २७३ वरून २९७ रुपये झाला. २४ रुपये शहरातल्या माणसाला काहीच वाटणार नाहीत. आम्ही नऊ जणांनी त्याचा हिशेब मांडला होता.

पाणी लागलं ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, ३१ फुटांवर. दोन खडकांच्या मध्ये तांबड्या गेरूचा हातभर पट्टा निघाला, आणि तलावाच्या बाजूनं तो ओला होता. ह्यांनी पहारीचं टोक घातलं तर आधी चिखल आला, मग करंगळीएवढी धार. खालून ह्यांचा आवाज आला, "वर सांग आईला." मी धावत गेले. आत्याबाईंनी तांब्या आणायला लावला. तो दोराला बांधून खाली सोडला. वर आलं ते पाणी गढूळ, तांबडं. त्यांनी ते तसंच कपाळाला लावलं.

मेच्या मध्यापर्यंत खोली ३८ फूट झाली, १४ मस्टरं झाली. आता प्रश्न कड्याचा, म्हणजे विहिरीच्या आतल्या बांधकामाचा होता, आणि या सगळ्या प्रवासात मला सगळ्यात जास्त ज्यावर बोलावंसं वाटतं ते इथंच.

वरच्या बारा फुटांत मुरूम. मिरग बरसायच्या आत सिमेंटच्या रिंगा झाल्या नाहीत तर पहिल्या मोठ्या पावसात तो मुरूम खाली बसणार, हे लहान पोरगंही सांगेल. कुशलच्या पैशांची चौकशी केली तर उत्तर मिळालं, निधी वरून आला की मिळेल. मजुरीचे पैसे तेव्हा केंद्राकडून थेट यायचे. साहित्याच्या खर्चात केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५. तो निधी मागून, टप्प्याटप्प्यानं यायचा. कायद्यात मजुरीला पंधरा दिवसांहून जास्त उशीर झाला तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई होती. कुशलच्या पैशांना उशीर झाला तर तशी काहीच तरतूद नव्हती. आणि पाऊस निधीसाठी थांबत नाही.

आम्ही शेळ्या विकल्या. गटाकडून ५० हजार घेतले, शेकडा दोन रुपयांनी. माझ्या भावानं ३० हजार दिले. सिमेंट आणि सळईच्या दुकानदारानं ४५ हजारांचा माल उधार दिला. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटची रिंग झाली. यारी, सुरुंग, सळई, सिमेंट, क्रश सँड, गवंडी, सगळं मिळून १ लाख ५८ हजार खिशातून गेले होते.

१ सप्टेंबरला मराठवाड्यात जो पाऊस झाला तो कुणी विसरणार नाही. रात्रभर कोसळत होता. सकाळी आमची विहीर काठोकाठ भरलेली, रिंगा जागच्या जागी. तिथून दोन बांध पलीकडे आमच्याच यादीतल्या एका गावभावाची विहीर होती. पाणी लागलं होतं, मोजमापं झाली होती, पण त्याला उधार कुणी दिलं नाही, म्हणून कडं बांधायचं राहिलं होतं. ती एका अंगानं पूर्ण ढासळली. तो बांधावर उभा होता आणि आम्ही कुणी काहीच बोललो नाही. ३० फुटांच्या खड्ड्यात १५ फूट चिखल. तीन महिन्यांचा त्याच्या घराचा घाम आणि शासनाची मजुरी, दोन्ही त्यात गेलं. योजना त्या भावासाठीच होती. माझ्यापेक्षा तो गरीब आहे. त्याला फक्त चार महिन्यांसाठी लाखभर रुपये हातात हवे होते.

म्हणून मी ग्रामसभेत आणि गटाच्या प्रभागसंघात एकच गोष्ट लावून धरली आहे. खोदकाम पुरं झाल्याचं मोजमाप आलं की कड्याचे पैसे मेअखेर मिळाले पाहिजेत. ते जमत नसेल तर प्रशासकीय मान्यतेच्या पत्रावर बँकेनं किंवा गटाच्या संघानं तात्पुरती रक्कम द्यावी आणि त्याचं व्याज योजनेनं सोसावं. पत्र शासनाचं आहे, सही शासनाची आहे, त्यावर पैसे मिळायला काय हरकत आहे? मजुरी आणि साहित्याच्या साठ-चाळीसच्या प्रमाणाचं, निधीच्या टप्प्यांचं गणित वरच्यांनी त्यांच्या पातळीवर बसवावं. शेतकऱ्याला नक्षत्रं पाळावी लागतात.

आमची उधारी फेडायला त्या वर्षी दिवाळीनंतर हे एकटेच अर्धा कोयता म्हणून फडात गेले. दुकानदाराचे ४५ हजार उचलीतूनच दिले. मी पहिल्यांदा हिवाळा घरात काढला. लेकरांची शाळा एक दिवस बुडली नाही. अर्धा एकर गहू आणि वीस गुंठे कांदा केला. रात्री लाईट यायची, तेव्हा मोटार चालू करायला मी आणि थोरली लेक बॅटरी घेऊन जायचो. पाईपातून पाणी सरीत उतरताना जो आवाज येतो तो ऐकत ती पोर बांधावरच पेंगायची.

जानेवारी २०२५ मध्ये कुशलचे ९६ हजार जमा झाले. तोपर्यंत गटाला व्याजापोटी आठ हजार गेले होते. काम पूर्ण झाल्याचा फोटो झाला, विहिरीवर माहिती फलक लागला. कामाचं नाव, वर्ष, अकुशल खर्च, कुशल खर्च, मनुष्यदिवस. फलकावरचे आकडे मी माझ्या वहीशी ताडून पाहिले. मजुरीचे बरोबर होते. कुशलच्या रकान्यात पूर्ण रक्कम रंगवली होती, मिळालेली नव्हे. मी रोजगार सेवकांना सांगून तेवढा आकडा खोडायला लावला आणि सामाजिक अंकेक्षणाला लोक आले तेव्हा त्यांनाही वही दाखवली. त्यांनी ती नोंद घेतली.

यंदा हे फडात गेले नाहीत. ढासळलेल्या विहिरीच्या भावाचा नव्यानं प्रस्ताव करता येतो का, याची विचारपूस चालू आहे. त्याच्याकडे वाचणारं कुणी नाही, म्हणून कागद मी बघते. आमचे ६२ हजार अजून यायचे आहेत. सोमवारी तालुक्याला जायचं आहे, तेव्हा दोन्ही फाईली एकाच पिशवीत घेऊन जाणार आहे.